२० प्लेट तर्री पोहा (पोह्यावर चण्याचा झणझणीत रस्सा) = किमान वेतन? कोणाचा हिशोब हा?

हिंगणा टी-पॉइंट: सकाळी कोराडी भाऊनं ज्ञान टाकलं, "किमान वेतन दिवसाचे ५०० धरा, पोह्याची प्लेट २५ ला, २० प्लेट झाल्या, मग रडारड कायची." अरे बाप्पा, मजूर काय एकटाच खाते? १९५७ च्या श्रम परिषदेत ठरलं होतं ना, किमान वेतन मोजताना कमावणारा धरून तीन युनिट, म्हणजे तीन मोठ्या माणसांइतकं खाणं, दर युनिटला २७०० कॅलरी, वरून वर्षाचा ७२ यार्ड कपडा, घरभाडं. पोह्याचा सदरा शिवते का बे? काल तूर १३० नं आणली, तेलाचा पाऊच १५०. चार जणांत डाळ, तेल, भाजी, अर्धा लिटर दूध धरलं तर रोजचे दोनशे जातेच, खोलीचे ४००० वेगळे. आणि हजेरी २६ दिवस, पोट मात्र ३० दिवस. रविवारी पोटाले सुट्टी नसते.

कोराडी नाका: रेशनचं माणशी ५ किलो धान्य २०२३ पासून फुकट आहे, ते सोयीनं विसरले?

हिंगणा टी-पॉइंट: बरं, गहू-तांदूळ वजा कर, खूश? आता डाळ, तेल अन् सांबार (कोथिंबीर) कोण देते ते सांग. २०१९ ले सरकारच्याच समितीनं देशभरासाठी रोजचं किमान वेतन ३७५ सुचवलं होतं, केंद्राचा आकडा तवा १७६ होता. पोह्यात मोज आता.

वर्कशॉपवाला: माझ्याकडे चार पोरं कामाला आहेत. आकडा वाढवा म्हणणं सोपं आहे, गिऱ्हाईक रेट वाढवून देत नाही, मग मी एकाला घरी बसवू का?

महालची सून: ५०० हातात येते कोणाच्या? आमचे हे गार्ड आहेत, बँकेत पूर्ण पगार दिसते, अन् ७ तारखेला ठेकेदाराचा माणूस गेटवर येऊन २००० रोख परत घेऊन जाते. नाही दिले तर पुढच्या महिन्यात ड्युटी नाही. कोणाले सांगाव?

बर्डीवाला: ते सोडा, २५ ला प्लेट कुठं भेटते? आमच्याकडे ३० झाली, अन् दुसऱ्यांदा तर्री मागितली तर १० वेगळे!

कोराडी नाका: तर्रीचे पैसे?? काहीही. आमच्याकडे अजून फुकट वाढून देतात.

बर्डीवाला: पाणी वाढते ते, तर्री नाही. चणे मोजले मी, सात. पहिले वाटीभर असायचे.

वर्कशॉपवाला: प्लेटच छोटी झाली राजेहो, पहिले स्टीलची होती, आता कागदाचा द्रोण. भाव तोच ठेवून माल कमी करून राहिले.

हिंगणा टी-पॉइंट: मी काय बोलून राहिलो अन् तुम्ही चणे मोजून राहिले! बाईनं इतकं सांगितलं, कोणी एक शब्द नाही बोललं.

कोराडी नाका: ताई, ते ठेकेदाराचं चुकीचंच आहे, पण त्यात माझा हिशोब कुठं चुकला?

महालची सून: २००० ला २६ नं भागा, ५०० मधून रोजचे ७७ कमी करा भाऊ, मग करा प्लेटा.

कोराडी नाका: बरं बाई, २० नाही, जवळपास १७ प्लेट. झालं समाधान?

बर्डीवाला: ३० नं धर, १४ च होते. तर्रीशिवाय.