धोमच्या मंद वाऱ्यात विंडसर्फिंगचं फॉइल (बोर्डखालचे पाण्यातले पंख) उचलेना, आधी काय बदलू?

वाईचा वारा: धोम धरणावर ८-९ नॉटला बोर्ड पाणी सोडतच नाही. वजन ८२ किलो, शीड ६.५ चौ.मी., फॉइलची फ्रंट विंग (पुढचा पंख) ९०० चौ.सेंमी. मोठं शीड घेऊ का?

कृष्णाकाठ: शीड राहू दे, भावा. आधी १,८०० ची विंग बघ. क्षेत्रफळ दुप्पट झालं की उचलायला लागणारा वेग साधारण ३० टक्क्यांनी उतरतो. आणि पंपिंग (शीड नि बोर्ड तालात ओढून-दाबून उचल घेणं) शीक, नुसतं सामान घेऊन भागत नाही.

घाटमाथा: लांब-अरुंद विंग असेल तर वारा पडला तरी घसरत नेते. वळायला मात्र म्हशीसारखी हट्टी!

वाईचा वारा: फॉइलचा मास्ट (बोर्ड नि विंग जोडणारा खांब) ९० सेंमीचा चालेल?

कृष्णाकाठ: पावसाळ्यानंतर खुशाल. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठापासून लांबच राहा, राव. तळ लागला तर विंग गेलीच.