चिऱ्याच्या भिंतीत आधाराचा दांडा टिकेल का?

प्रश्न: गुहागरला चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) घर, आजी एकट्या राहतात. न्हाणीत आधाराचा दांडा साध्या प्लगवर (भिंतीच्या भोकात घालायच्या प्लास्टिकच्या गुल्लीवर) बसवला तर चालेल?

उत्तर: नको! चिरा सच्छिद्र, प्लग आत फिरतो आणि नेमका भार पडला की उपटतो. केमिकल अँकर (भोकात भरलेल्या रसायनात घट्ट बसणारा बोल्ट) वापरा. भोकातली धूळ ब्रशने आणि हवेने पूर्ण काढा, जाळीची नळी घालून रसायन भरा, दुसऱ्या दिवसापर्यंत भार देऊ नका. धूळ राहिली तर पकड बसत नाही. दांडा ३२ ते ३८ मिमी जाडीचा, भिंतीपासून साधारण ४० मिमी अंतरावर.

उत्तर: दांडा ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा घ्या, स्क्रूसुद्धा. खाऱ्या हवेत नेहमीच्या ३०४ प्रतीवर लवकर तांबूस डाग पडतात.

उत्तर: पावसात वीज जातेच, म्हणून न्हाणीच्या वाटेवर बॅटरीचा सेन्सर दिवाही लावा.