ज्वालामुखी चिलीत, ओझोन घटतो अंटार्क्टिकावर. असं का?

प्रश्न: मी नववीला विज्ञान शिकवते. एका विद्यार्थिनीने विचारलं, "ज्वालामुखीतून क्लोरीन निघतं म्हणून ओझोन घटतो का?" तिला नेमकं उत्तर द्यायचं आहे.

उत्तर १: फार चांगला प्रश्न विचारलाय तिने! ज्वालामुखीतून हायड्रोजन क्लोराइड निघतो खरा, पण तो पाण्यात विरघळतो आणि बराचसा पावसाबरोबर खालीच येतो. खरी करामत गंधकाची. सल्फर डायऑक्साइड हा गंधकाचा वायू स्थितांबरात, म्हणजे ओझोनचा थर असलेल्या वरच्या वातावरणात, पोचला की त्याचे सल्फ्युरिक आम्लाचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. ध्रुवाजवळच्या कडाक्याच्या थंडीत या थेंबांच्या पृष्ठभागावर निष्क्रिय क्लोरीन संयुगं सक्रिय होतात आणि वसंतात ऊन आलं की ओझोन फोडत सुटतात. म्हणजे क्लोरीन मुख्यतः माणसाने सोडलेल्या सीएफसींचं (फ्रिज, स्प्रे यांत वापरल्या गेलेल्या क्लोरोफ्लुरोकार्बन रसायनांचं). ज्वालामुखी त्याला फक्त जागा देतो. चिलीतला काल्बुको एप्रिल 2015 मध्ये फुटला आणि त्याच ऑक्टोबरात अंटार्क्टिकावरचं ओझोन छिद्र त्या महिन्यासाठी विक्रमी मोठं होतं.

उत्तर २: हुंगा टोंगाही सांगा. समुद्राखालच्या त्या ज्वालामुखीने जानेवारी 2022 मध्ये सुमारे 15 कोटी टन पाण्याची वाफ स्थितांबरात फेकली. वाफ वाढली की ध्रुवीय ढग सहज बनतात, आणि त्यांच्यावरही हेच घडतं.

प्रश्नकर्ती: मग सीएफसी नसतेच तर?

उत्तर १: तर ओझोन किंचित वाढलाही असता! ओझोन खाणारे नायट्रोजन ऑक्साइड याच थेंबांवर नायट्रिक आम्लात अडकतात. वर्गात हे नक्की सांगा. सीएफसींवर बंदी आणणाऱ्या आंतरराष्ट्रीय मॉन्ट्रियल करारामुळे क्लोरीन हळूहळू घटतंय, तसतसा उद्रेकांचा हा फटकाही कमी होत जाईल.