काट्याच्या सॉफ्टवेअरात मेथड ओव्हरराइड करू द्यावी का?

धागा, हिंगणघाट
प्रश्न वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरचा: मूळ क्लासमधली (कोडच्या साच्यातली) मेथड, म्हणजे त्यातलं एक काम, त्यावरून काढलेल्या क्लासनं ओव्हरराइड करावी, म्हणजे त्याच नावानं स्वतःची लिहावी का? माझं मत: अजिबात नको, मूळ क्लास फायनल करून टाका, म्हणजे त्यावरून दुसरा क्लास काढताच येणार नाही. जावा भाषेतल्या हॅशसेट या तयार क्लासवरून 'गाडीयादी' क्लास काढा, 'ॲड' (एक गाडी टाकणारी) अन् 'ॲडऑल' (अनेक एकदम टाकणारी) दोन्ही ओव्हरराइड करून क्विंटलची बेरीज लावा आणि पुढे सुपरला, म्हणजे मूळ क्लासच्या मेथडीला, बोलवा. 10-10 क्विंटलच्या 3 गाड्या 'ॲडऑल'ने टाकल्या की बेरीज 60! मूळ 'ॲडऑल' आतून प्रत्येक गाडीसाठी 'ॲड'लाच बोलावते, आणि ती आता तुमची असते. बरं, 'ॲडऑल'मधली बेरीज काढली की 30 येतात. पण उद्या कोणी हॅशसेटच्या जागी ॲरेलिस्ट (यादीचा तयार क्लास) घेतली, तर तिची 'ॲडऑल' 'ॲड'ला बोलावतच नाही, बेरीज 0. कंपायलर (कोड तपासून चालवण्याजोगा करणारा) मात्र चूप.

प्रतिसाद, वरुड
भाऊ, हा दोष वारशाचा, म्हणजे एका क्लासवरून दुसरा काढण्याचा, आहे. गाडीयादी काही हॅशसेट नव्हे. सेट तिच्या पोटात फील्ड (आत ठेवलेली माहिती) म्हणून ठेवा, भानगड मिटली. पण भावाचं काय? कापसाला ओलावा पाहावा लागतो: सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) 8 टक्क्यांच्या वर भाव कापते, 12 च्या वर घेत नाही. तुरीचा हिशेब निराळा. ओव्हरराइड बंद केलं तर पट्टीत (शेतकऱ्याच्या हिशेबाच्या पावतीत), साठ्यात, अहवालात, सगळीकडे 'पीक कोणतं' ही इफ-एल्सची (जर-नाहीतर अटींची) रांग लागते. नवं पीक आलं की एक जागा हमखास सुटते. 'पट्टी()' मेथड फायनल ठेवा, कोणी बदलू नये: वजन, भाव, हमाली-तोलाई याच क्रमानं. उघडी, म्हणजे ओव्हरराइड करता येणारी, फक्त 'भाव()'.

हिंगणघाट
आणि कोणी 'भाव(डबल)'ऐवजी (दशांशी संख्या घेणारी) 'भाव(इंट)' (पूर्णांक घेणारी) लिहिली तर? ती ओव्हरराइड होत नाही, वेगळीच मेथड बनते. मूळ भाव चालतो, ओल्या कापसाला पूर्ण पैसे.

वरुड
म्हणून तर जावा 5 पासून, म्हणजे 2004 पासून, वर '@ओव्हरराइड' लिहिता येतं. जुळलं नाही तर कंपाइलच होत नाही. सी++11 मध्येही सोय आहे. पायथनमध्ये 3.12 पासून आहे, पण तिथे टाइप-चेकर (कोड तपासणारं वेगळं साधन) चालवला तरच चूक दिसते.

प्रतिसाद, दारव्हा
दोघांनीही कन्स्ट्रक्टर (क्लासची वस्तू तयार होताना चालणारा कोड) सोडला. मूळ क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये 'भाव()' बोलावली की कापसाचीच 'भाव()' चालते, पण तेव्हा 'ओलावा' फील्ड भरलेलं नसतं, जावात ते 0 असतं. 10 टक्के ओलाव्याला पूर्ण भाव लागतो. उघडी मेथड तिथे बोलवूच नका.

हिंगणघाट
हे मान्य. पण वरुडवाले, 12 च्या वर तुमची 'भाव()' एक्सेप्शन (काम मधेच थांबवणारी चूक) फेकणार ना? मूळ 'भाव()' कधीच फेकत नाही, 'पट्टी()' त्याच भरवशावर लिहिलेली. वजन नोंदलं, भाव नाही, गाडी काट्यावर अडकली.

वरुड
ती तपासणी 'स्वीकार()' नावाच्या वेगळ्या मेथडीत, वजनाच्या आधी. मूळ क्लासमध्ये ती नेहमी 'हो' म्हणते, कापूस 'नाही' म्हणू शकतो, आणि 'पट्टी()'ला दोन्ही उत्तरं ठाऊक असतात.