सरकारने सक्ती मागे घेतली, बाबांना कसं समजावू?

बार्शीची_अकरावी:

नमस्कार. मी अकरावी कॉमर्सला आहे. चोरीला गेलेला फोन ब्लॉक करता येतो त्या सरकारी 'संचार साथी' ॲपवरून डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला जे झालं ते तुम्ही वाचलंच असेल. दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ ला मोबाइल कंपन्यांना आदेश दिला की ९० दिवसांत प्रत्येक नव्या फोनमध्ये हे ॲप आधीच टाकलेलं हवं आणि त्यातल्या सोयी बंद करता येऊ नयेत. देशभर ओरड झाली. मंत्री ज्योतिरादित्य शिंदे म्हणाले, नको असेल तर काढून टाका. ३ डिसेंबरला सक्तीच मागे घेतली.

ॲप वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. मावशीचा फोन स्टँडवर चोरीला गेला तेव्हा पोलिसांत तक्रार देऊन संचार साथीवर तो ब्लॉक मीच करून दिला होता. पण मला हवं म्हणून मी घेतलेलं ॲप वेगळं आणि मला न विचारता फोनमध्ये येऊन बसलेलं वेगळं. कॉलेजात सरांनी या विषयावर बोलायला लावलं तेव्हा मी हेच बोलले. घरी बाबांनाही सांगितलं. त्यांना पटलं. "बरोबर आहे, आपल्या फोनमध्ये काय आहे याच्याशी सरकारचा काय संबंध?" असं म्हणाले. आणि जेवणं झाल्यावर रोजच्यासारखा हात पुढे केला, "आण फोन."

व्हॉट्सॲप, इन्स्टा, गॅलरी, गुगलवर काय शोधलं, सगळं बघतात. रागावत नाहीत. आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. उधारीची वही तपासावी तसं चष्मा लावून, बोटाने सावकाश वर सरकवत वाचतात. म्हणतात, "लपवण्यासारखं काही नाही ना? मग झालं."

लपवण्यासारखं खरंच काही नाही. पण माझ्या फोनमध्ये मी एकटीच नाही ना! माझी एक मैत्रीण तिच्या घरातलं मला लिहायची. वडील पितात, पगार झाला की घरात काय होतं, ते सगळं. बाबांनी ते वाचलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, पोरीसाठी जीव तुटला म्हणून ते तिच्या काकांशी बोलले. काकांनी तिच्या घरी विषय काढला आणि त्या रात्री तिला मार बसला. आता ती माझ्याशी बोलते, पण "अकाउंट्सचं झालं का", "डब्यात काय आहे" एवढंच. तिने माझ्यावर विश्वास ठेवून लिहिलं होतं, आमच्या सगळ्या घरासाठी नाही.

मला बाबांना दुखवायचं नाही. त्यांना पटेल असं काय सांगू? आणि डेटा संरक्षणाच्या नव्या कायद्यात १८ वर्षांखालचे सगळे बालक, पालकांची संमती लागते म्हणे. म्हणजे १८ पूर्ण होईपर्यंत कायद्यानेही माझं स्वतःचं असं काहीच नाही का?

वकीलकाका_संभाजीनगर:

बेटा, कायद्याचं आधी सांगतो. २०२३ च्या त्या कायद्यातलं कलम ९ कंपन्यांना बांधतं, तुला नाही. मुलांची माहिती वापरायची तर कंपनीने पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यायची, मुलांवर पाळत ठेवायची नाही, त्यांच्यावर रोखलेल्या जाहिराती दाखवायच्या नाहीत. मोडलं तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण या तरतुदी लागू व्हायला तिथून दीड वर्षाची मुदत आहे. वडिलांनी मुलीचे मेसेज वाचावेत की वाचू नयेत, याबद्दल त्यात अक्षरही नाही.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं. तो हक्क मुख्यतः सरकारपुढे मांडायचा असतो, बापलेकीच्या भांडणात कोर्ट आणू नकोस. पण बाबांना त्या निकालातली एक गोष्ट जरूर सांग. आणीबाणीत, १९७६ साली, जबलपूरच्या खटल्यात बहुमताने ठरलं की बेकायदा अटकेविरुद्धही नागरिकाला कोर्टात दाद मागता येणार नाही. त्या बहुमतात पुण्यात जन्मलेले न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. पुट्टस्वामी निकालात तो निर्णय गंभीरपणे सदोष होता असं लिहिलं ते त्यांच्या मुलाने, धनंजय चंद्रचूड यांनी. वडिलांचं एखादं म्हणणं चुकलं असं सांगणं म्हणजे त्यांचा अनादर नव्हे. हे तुझ्या बाबांनाही मान्य होईल.

दोन_मुलींचा_बाबा:

मैत्रिणीचं आधी. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत नंबर आहे, चोवीस तास चालू असतो. तिला तो माहीत असायलाच हवा. कॉलेजातल्या एखाद्या विश्वासाच्या मॅडमनाही सांगा.

आता तुझ्या बाबांची बाजू. आमच्या सोसायटीतल्या नववीतल्या मुलाला अनोळखी व्हिडिओ कॉल आला, रेकॉर्डिंग करून पैशांसाठी धमकावलं. पोरगं कितीतरी दिवस कुणालाच बोललं नाही. आम्हा आईबापांना झोप लागत नाही ती अशा गोष्टींनी. त्यामुळे "बघू नका" एवढंच म्हणशील तर ते ऐकणार नाहीत. काय बघायचं ते तू सुचव. आमच्या घरी असं ठरलंय: अनोळखी माणसाचा मेसेज आला की त्याच दिवशी दाखवायचा, संध्याकाळी सातनंतर बाहेर असली तर लोकेशन चालू, आणि मैत्रिणींच्या चॅटला आम्ही हात लावत नाही. फोनचा पासवर्ड कागदावर लिहून पाकीट चिकटवलंय, त्यावर मुलीची सही आहे आणि ते कपाटाच्या लॉकरमध्ये असतं. ती संपर्कात नसेल, जिवाचा प्रश्न असेल, तरच फोडायचं. फोडलं तर तिला कळणारच.

मेलबर्नची_आई:

इथे ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना इन्स्टा, स्नॅपचॅट, टिकटॉकवर खातं ठेवता येत नाही. व्हॉट्सॲप त्यात नाही. माझा मुलगा चौदाचा आहे. बंदीबद्दल तो फार कुरकुरला नाही. पण वय सिद्ध करायला चेहऱ्याचा व्हिडिओ मागतात हे कळल्यावर म्हणाला, "मला वाचवायला माझाच चेहरा हवा?" त्याच्या या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. तुम्ही मुलं याचा आमच्याहून जास्त विचार करता. बाबांशी बोल, पण फोन त्यांच्या हातात असताना नको.

बार्शीची_अकरावी:

सगळ्यांचे मनापासून आभार. १०९८ नंबर मैत्रिणीला कागदावर लिहून दिला, फोनवर पाठवला नाही. बाबांशी दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसताना बोलले. मैत्रिणीला मार बसल्याचं त्यांना माहीतच नव्हतं. खूप वेळ गप्प बसले. मग म्हणाले, व्हॉट्सॲप आजपासून बघणार नाही, इन्स्टा मात्र तुझ्यासमोर बसून बघेन. मला हे चालतं. पाकिटाचं आईला जास्त आवडलं.

काका, एकच विचारते. क्लासचं ॲप लोकेशन आणि कॉन्टॅक्ट मागतं. नाही म्हटलं तर चालेल का?

वकीलकाका_संभाजीनगर:

चालेल. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपच्या परमिशन उघड आणि कॉन्टॅक्ट बंद कर. हजेरीसाठी लोकेशन लागत असेल तर 'ॲप वापरताना फक्त' हा पर्याय ठेव. क्लासवाल्यांनी अडवलं तर हे कशासाठी हवंय ते लेखी मागा. अर्जावर बाबांची सही घे, ती इथे उपयोगाची आहे.