मदत हवी आहे : उलट्या प्रश्नांच्या नाटिकेसाठी संवाद

नमस्कार. समलिंगी माणसांना नेहमी विचारले जाणारे प्रश्न अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्टिन रॉक्लिन यांनी १९७२ साली एका प्रश्नावलीतून भिन्नलिंगी माणसांकडे वळवले: तुमच्या या आकर्षणाचे कारण काय असावे, हे वय सरले की ते आपोआप जाईल असे नाही का वाटत? त्याच धर्तीवर आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवासाठी मी एक नाटिका लिहीत आहे, ज्यात मुलगा चाचरत आईला सांगतो, की त्याला मुलगी आवडते.

माझ्या धाकट्या भावाने स्वतःबद्दल घरी सांगितले, तेव्हा आई मेथी निवडत होती. ती काड्या ठेवून पानेच टाकू लागली आणि बऱ्याच वेळाने एवढेच म्हणाली, "मामाला कळता कामा नये." हे वाक्य भावाच्या संमतीने मी जसेच्या तसे घेतले आहे. वडिलांचे आणि मावशीचे संवाद मात्र फार कृत्रिम वाटतात. प्रौढांचे संमतीने असलेले समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, असा कलम ३७७ बाबतचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ रोजी लागला, तरी 'लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल' हा सल्ला आमच्या नात्यात अजून दिला जातो.

आपण ऐकलेली अशी वाक्ये कृपया कळवावीत. प्रेक्षक मावशीला हसले, तरी समोर बसलेल्या भावाला ते हसू स्वतःवरचे वाटू नये, यासाठी शेवट कसा करावा, हेही सुचवावे.