प्रतिसाद: अ‍ॅथलेटिक ट्रेनर व्हायचं तर बॅचलर्स पुरत नाही

बारावीनंतर अमेरिकेत चार वर्षांची पदवी घेऊन अ‍ॅथलेटिक ट्रेनर (खेळाडूंच्या दुखापती सांभाळणारा आरोग्यकर्मी) होता येईल का, असं वर विचारलंय. आता नाही. नवीन विद्यार्थ्यांसाठी किमान पात्रता मास्टर्स आहे आणि तीही 'केट' (CAATE, या कोर्सना मान्यता देणारी संस्था) मान्यताप्राप्त कोर्समधूनच. त्यानंतर 'बीओसी'ची (BOC, प्रमाणपत्र देणारं मंडळ) परीक्षा, मग बहुतेक राज्यांत राज्याचा परवाना. प्रवेशाआधी कोर्सचं नाव केटच्या यादीत स्वतः बघा. 'स्पोर्ट्स सायन्स' किंवा 'एक्सरसाइज सायन्स' ही पदवी वेगळी, तिच्यावर परीक्षेला बसता येत नाही. बॅचलर्सला मात्र तो विषय चालतो, फक्त जीवशास्त्र, रसायन, भौतिक, मानसशास्त्र, अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी हे पेपर झालेले हवेत. यातला एखादा राहिला की वर्ष वाया जातं.

अभ्यासात हाताला वळण लागणं फार महत्त्वाचं. घोट्याचं टेपिंगच घ्या. पाऊल नव्वद अंशांत ठेवायचं, खेळाडूचं पाऊल सैल पडलं की टेपही सैल बसते. घोटा आत वळून मुरगळला असेल तर पट्टी आतल्या बाजूने टाचेखालून बाहेर वर ओढायची. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर निम्मी चढवायची. मध्ये फट राहिली किंवा सुरकुती पडली की तिथेच फोड येतो. शेवटी पायाच्या बोटांची नखं दाबून रंग परततो का, म्हणजे रक्त नीट वाहतंय का, बघायचं.

उष्माघातात तर क्रम चुकला की जिवावर बेततं: तापमान गुदद्वारातूनच मोजायचं, बर्फाच्या पाण्यात आधी थंड करायचं, रुग्णालय नंतर.